पंख्याचं वाकडं पातं

लोमे, कोजोव्याकोपे
१२ फेब्रुवारी २००६

चि. कोकोएस,

माल आणायला गेलेली मादाम फोलिव्ही कालच चीनहून परतली. तुझं पत्र, चहाचा डबा आणि स्वतःच्या गुडघ्यांची तक्रार एवढं सगळं माझ्या ओट्यावर ठेवून गेली. चहा बरा आहे. तुझं अक्षर मात्र बिघडलंय. चिनी लिपी गिरवायला लागलीस म्हणून आपली अक्षरं कोंबडीने उकरल्यासारखी काढायची असतात का? आमच्या शाळेतली सिस्टर बेनेदिक्त असती तर बोटांवर पट्टी बसली असती.

मी फोनवर का बोलत नाही, असं विचारतेस. माझं रागावणं ऐन रंगात आलेलं असतं तेव्हाच फोनचं कार्ड संपतं, आणि उरलेला राग पोटात राहिला की मला पित्त होतं. पत्रात माणसाला शेवटपर्यंत रागावता येतं.

आता तुझ्या विनंतीचं. तुझा पहिला कंटेनर येणार, त्यातलं कापड माझ्या गाळ्यात ठेवू का, असं विचारलंयस. उत्तर: नाही.

एरवी मी नकाराची कारणं देत नाही. पण तू माझ्या धाकट्या भावाची मुलगी, आणि तो गेल्यापासून मी तुझी तासी म्हणजे नुसती आत्या उरले नाही, निम्मी आई झाले. म्हणून सांगते.

कॅथेड्रलशेजारच्या मोठ्या बाजारात मी सगळं आयुष्य मेणछाप कापड विकलं. डच कंपनीचा माणूस नमुने पसरायचा, आम्ही बायका बोट ठेवायचो. जिने ज्या नमुन्यावर बोट ठेवलं, तो तिचा. दुसरीने तो विकायचा नाही. कागद नाही, वकील नाही, फक्त बोट. पंख्याचा नमुना माझा होता. तो तर मीच त्या डचाला काढून दिलेला. आमच्या ननांच्या शाळेत वर्गाच्या छताला पंखा होता. चार पाती, त्यातलं एक वाकडं. कधीतरी कपाट नेताना ते आपटलं होतं आणि ननांनी देवाची इच्छा म्हणून तसंच राहू दिलं होतं. फिरताना लंगडायचा, पण वारा चांगला द्यायचा. कापड छापून आलं, रिवाजाप्रमाणे गाळ्यात नुसतं टांगून ठेवलं, आणि आठव्या दिवशी, बाळाला बाहेर आणून नाव ठेवतात तसं, त्याला नाव पडलं: 'हवा सगळ्यांना, पंखा माझा.' लोमेतली एकेक पहिली बायको ते नेसून सवतीच्या दारावरून मुद्दाम सावकाश चालत गेली. अबिजानच्या बायकांनी नेलं, किन्शासाच्या बायकांनी नेलं. त्या पंख्यावर माझी मर्सिडीज आली, हे घर झालं, तुझी शाळा झाली.

मग आपल्या फ्रँकची किंमत एका रात्रीत निम्म्यावर आली आणि आमच्यातल्या अर्ध्या धंद्यात बसल्या. मग तुझे चिनी आले आणि उरलेल्या बसल्या. माझ्या पंख्याची नक्कल माझ्याच गाळ्यासमोर, फुटपाथवर, बादल्यांच्या शेजारी! आणि वर काय केलं माहीत आहे? त्यांनी पातं सरळ केलं. अगं, चोराने घरात शिरावं, दागिने न्यावेत, ते समजू शकते. पण जाता जाता माझी गादी झटकून नीट का घालावी?

परवा टीव्हीवर आपले एक मंत्री चिनी पाहुण्यांशेजारी बसून सांगत होते, ही दोघांच्या फायद्याची मैत्री आहे. दोघांच्या! आपण त्यांना कापूस देतो, ते आपल्याला आपलंच कापड देतात, आणि मध्ये मंत्र्यांना जेवण मिळतं.

गाळा आता माझी जुनी मदतनीस आब्रा चालवते. ती उरलंसुरलं डच कापड विकते आणि इज्जतीत राहते. तसंच राहू दे.

जेवतेस का नीट? मादाम फोलिव्ही म्हणाली, वाळलीस.

तुझी तासी,
अकूएले आजावों

*

खच्याओ, चीन
९ मार्च २००६

ती. तासी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा घाबरून, एकदा हसून. 'गादी झटकून नीट घातली' हे मी आमच्या कारखान्याच्या मालकांना, शेन साहेबांना, भाषांतर करून सांगणार होते. पण धीर झाला नाही. का ते पुढे कधीतरी सांगेन.

मी वाळलेली नाही. इथे सकाळी भाताची पेज असते, मी त्यात आपली मिरची घालते आणि शेजारच्या टेबलावरचे लोक उठून लांब बसतात. मिरची संपत आली आहे, हे सहज सांगितलं.

तासी, माझं काम काय असतं हे तुम्हाला नीट कधी लिहिलं नाही. आफ्रिकेतून व्यापारी येतात, मी त्यांच्या आणि शेन साहेबांच्या मध्ये उभी असते, हातात कॅल्क्युलेटर. ते बोट दाखवतात, मी आकडा दाखवते. साहेब मान हलवतात, मी दुसरा आकडा दाखवते. कापडाची पदवी घेऊन मी त्या यंत्राचे नुसते हात झालेय. नमुने ठरवतात दुसरेच लोक. त्यांनी आपल्याकडची एक बाईसुद्धा कधी पाहिलेली नाही.

म्हणून नव्या वर्षाच्या जेवणात मी धीर केला. म्हटलं, "साहेब, तुम्ही आमच्याकडे कापड पाठवता, पण आमच्या बायकांना काय आवडतं हे कुणाला विचारता?"

ते म्हणाले, "मिस को, गेल्या वर्षी जे खपलं त्यालाच विचारतो."

"आणि ते कुणाला विचारून छापलं होतं?"

साहेब बराच वेळ मासा खात राहिले. त्यांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "उत्तर द्या ना. काटा अडकला का?" तेव्हा ते म्हणाले, "बरं. एक कंटेनर तुझा. नमुना तू निवड, विक्री तू बघ. गेला, तर तुला नमुन्यांचं टेबल देतो. तुमच्या बाजारातल्या बायका सांगतील ते तू काढायचं, मी छापायचं. नाही गेला, तर कॅल्क्युलेटर उचलायचा आणि पुन्हा मला मासा खाताना प्रश्न विचारायचे नाहीत."

एवढंच आहे, तासी. मला ते टेबल हवंय. आणि फुटपाथवर बादल्यांशेजारी ठेवलेलं कापड ते टेबल मिळवून देणार नाही. तुमच्या गाळ्यात टांगलं तर बायका निदान मान वर करून बघतील.

नमुना कोणता ते सांगत नाही. तुम्हाला आनंदाचा धक्का द्यायचाय.

तुमची,
कोकोए

*

लोमे
२ एप्रिल २००६

चि. कोकोएस,

मला धक्के आवडत नाहीत. आनंदाचेही नाहीत. या वयात दोन्हींनी छातीत सारखंच होतं.

गाळ्याची किल्ली आब्राकडे आहे. ती मोठी बाई आहे, तिची मुलंही बापये झाली. ती गाळ्यात काय टांगते ते बघायला मी जात नाही, कारण मी निवृत्त आहे आणि माझे जिने चढण्याचे दिवस संपले. तिने काही टांगलंच, तर ते मला दिसलेलं नाही. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही, आणि तूही आभार मानून मला लाज आणू नकोस.

त्या बाईसाहेब शहाण्या दिसतात. काट्याचं आवडलं.

मादाम फोलिव्हीच्या हाती मिरची, कसाव्याची गारी आणि सुकट पाठवली आहे. सुकट गुंडाळून ठेव, नाहीतर तो देश व्यापार तोडेल.

तासी

*

लोमे
२१ जून २००६

कोकोए,

चि. लिहायचं राहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही.

तुझा आनंद पोचला. आब्राने गाठोडं उघडून कापड टांगलं, आठवडाभर माझ्यापासून लपवलं आणि आज पोरीला पाठवून मला निरोप दिला, 'मादाम, येऊ नका.' ये म्हटलं असतं तर मी गेले नसते. येऊ नका म्हटल्यावर कोण घरी बसेल? भर पावसात, छत्री घेऊन, तो जिना चढले.

माझा पंखा! माझाच पंखा, तोच, सरळ पात्याचा, पोलिसासारखा ताठ! जगात फुलं आहेत, पक्षी आहेत, शिंपले आहेत, आणि माझ्या भावाच्या मुलीने उचलला तो माझ्या घरचा चोरीचा माल. आणि तेवढ्यावर भागलं नाही. काठावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काळ्या शाईत छापलंय: 'हवा सगळ्यांना, पंखा माझा.' छापलंय!

तू लोमेची आहेस ना? तुझा जन्म कापडाच्या गठ्ठ्यावर झाला म्हणून आम्ही हसायचो. कापडावर नाव लिहिलेलं तू कधी बघितलंस? पोटातल्या मुलाचं नाव दारावर कोण रंगवतं? कापड आधी येतं. बायका बघतात, हात लावतात, भांडतात, दोन दिवस विसरतात, मग कुणाच्या तरी तोंडून नाव निघतं, आणि ते दुसरीने उचललं तरच ते नाव. आणि तू ते कारखान्यातच चिकटवून पाठवलंस, औषधाच्या बाटलीसारखं. बायकांनी काठ वाचला आणि पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "आता काय, किती वेळा धुवायचं तेही छापतील." दुसरी म्हणाली, "नेसायचं कशाला, वाचूनच परत करते." आठवडा होऊन गेला होता, मी पोचेपर्यंत हातभर कापड गेलं नव्हतं.

माझ्या पंख्याचं नाव घेऊन लोक हसले. माझ्या देखत.

मला जे बोलायचं होतं ते मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलले आणि घरी आले. काय बोलले ते लिहीत नाही. आता गुडघ्यांना शेक देत बसले आहे.

अकूएले

*

खच्याओ
८ जुलै २००६

ती. तासी,

माझं चुकलं. यापुढे जे लिहितेय ते सफाई म्हणून नाही, तुम्हाला सगळं माहीत असावं म्हणून.

मला वाटायचं, तुमचा राग चोरीचा आहे. पंखा तुमचा, आणि तुमचं नाव कुठेच नाही, याचा. म्हणून मी ठरवलं, पंखाच छापायचा आणि काठावर तुम्ही दिलेले शब्द घालायचे, म्हणजे सगळ्या जगाला कळेल हा कुणाचा. चित्रकार चित्राखाली सही करतात तसं. आठव्या दिवसाचं मला आठवलंच नाही. मी लहान असताना नावं आधीच पडलेली असायची. मी फक्त पिकलेली फळं बघितली, झाड बघितलंच नाही.

आणि दुसरं. तुमचं फेब्रुवारीचं पत्र शेन साहेबांना वाचून दाखवायचा धीर झाला नाही, कारण सरळ पात्याचा पंखा याच कारखान्यातून निघालाय. मी इथे लागले तेव्हा नमुन्यांच्या खोलीत तो भिंतीवर टांगलेला दिसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नोकरी मात्र सोडली नाही. तेवढी मी शूर नव्हते.

पातं कुणी सरळ केलं तेही कळलं. लू मास्तर म्हणून आहेत, म्हातारे, सगळे नमुने पूर्वी त्यांच्या हातून जायचे. मी विचारलं तर त्यांची मान ताठ झाली. म्हणाले, "त्या मूळ कापडात दोष होता. परदेशी कारखान्याने वाकडं पातं तसंच छापून बायकांच्या गळ्यात मारलं होतं. मी सरळ केलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी केलं. लांबचं गिऱ्हाईक म्हणून मोडकी वस्तू द्यायची का?" तासी, त्यांना वाटतं त्यांनी तुमच्यावर उपकार केलेत. आणि इतक्या अभिमानाने सांगत होते की मी म्हटलं, हो.

शेन साहेबांनी काल कंटेनरचं विचारलं. मी सांगितलं, पडून आहे. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला फक्त. आब्राला म्हणावं, कापड काढून टाक. फुटपाथवाल्यांना दे. गाळ्याची जागा अडवू नको.

तुमच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवतेय. वास वाईट आहे, पण गुण येतो.

कोकोए

*

खच्याओ
१५ जुलै २००६

तासी!

माझं आधीचं पत्र वाटेत असेल, ते न वाचता फाडा. नाहीतर लू मास्तरांचं तेवढं वाचा आणि बाकी फाडा.

आत्ता आब्राचा फोन आला होता. मला काही धड कळलं नाही, कारण ती हसत होती आणि तिच्या मागे अख्खा बाजार ओरडत होता. पंखा संपला म्हणते! गाठोडी गोदामातून थेट जिन्यावरच फुटतात म्हणते. कोतोनूच्या बायका रात्रीच्या गाडीने आल्यात म्हणते. मी विचारलं, "अगं, पण कसा?" तर म्हणाली, "मादामना विचार, त्यांनीच केलंय," आणि कार्ड संपलं.

तुम्ही काय केलंत? शेन साहेब सकाळपासून माझ्या टेबलाभोवती फिरतायत. म्हणजे अजून ते माझं टेबल नाही. पण फिरतायत. त्यांना दुसरा कंटेनर पाठवायचाय आणि हा कशामुळे गेला ते मला सांगता येत नाही!

तासी, तुम्ही एकवीस जूनच्या पत्रात म्हटलं होतंत, बोलायचं ते बोलले. काय बोललात?

कोकोए

*

लोमे
३ ऑगस्ट २००६

चि. कोकोएस,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. मी काहीही फाडत नसते, ननांनी कागद जपायला शिकवलंय.

काय बोलले ते सांगते, कारण आब्रा ते रोज थोडं थोडं वाढवून सांगतेय आणि उद्या तिच्या तोंडी मी नाचले असंही येईल.

मी छत्री आपटत गाळ्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "आब्रा, हे काय टांगलंयस?"

"पंखा आहे, मादाम," असं ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"माझा पंखा मी ओळखत नाही होय? माझा जन्मभर लंगडला आणि घर चालवलं. आणि हा बघ! ताठ, गुळगुळीत, देवाची भीती नसलेला! याच्याकडे मिस्त्री येऊन गेलेला दिसतोय!"

मी शिवी दिली होती, कोकोए. ऐकणाऱ्यांनी ती तशी घेतली नाही.  मग सुकट विकणारी दोव्ही, तिचा नवरा तुला आठवत असेल, घानाच्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना ज्याचा संसार आहे, ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "मादाम, त्या मिस्त्रीचा पत्ता द्या. माझ्याही घरी एक वाकडा आहे!"

"तुझा दुरुस्तीपलीकडचा," पलीकडून कुणीतरी ओरडलं. "भंगारात घाल."

"भंगारवाला तरी घेईल का? आब्रा, मला सहा वार फाड. उद्याच नेसते. सवतीला कळू दे, आमच्याकडे मिस्त्री येऊन गेला!"

आणि मग सुरू झालं. "मलाही दे, माझा मागच्या महिन्यातच सरळ झालाय." "माझा अजून झाला नाही, पण नेसते, बघून घाबरेल." मी ओरडले, "हे नाव नाही! ही निंदा आहे!" कोण ऐकतंय? मी छत्रीने जिना बडवला, तर त्याच्या तालावर एक जण नाचायला लागली. मी घरी आले आणि तुला ते रागाचं पत्र लिहिलं. तेवढा भाग गाळला, कारण मला त्याची लाज वाटत होती. मग त्या रविवारी दाराबाहेर बघते तर समोरची डॉक्टरीणबाई तोच पंखा नेसून चर्चला निघालेली, आणि मागे तिचा नवरा, मुकाट, हातात तिची पर्स.

आब्राने नंतर मोजून सांगितलं. तो दिवस आठवा होता. मी जिना चढले तो नेमका आठवा दिवस. सिस्टर बेनेदिक्त याला देवाची इच्छा म्हणाली असती. मी तशी लवकर शरण जात नाही, म्हणून बोटांवर पुन्हा मोजलं, आठच भरले.

तुझ्या काठाचं म्हणशील तर शिंपी तो कापून टाकतात. नाव बाईच्या तोंडात आहे, कापडावर कशाला?

आता लू मास्तरांबद्दल.  इतकी वर्षं मला वाटत होतं की कुणीतरी मला हसून ते पातं सरळ केलंय. आणि एका म्हाताऱ्याने ते माझी लाज राखायला केलं! त्याला कळवळा आला, पण विचारायचं सुचलं नाही. आमच्या ननांची हीच तऱ्हा होती. त्यांना सांग, दोष नव्हता. आणि हेही सांग की काम चांगलं केलंय. दोन्ही सांग, एकच सांगू नकोस.

शेन साहेबांसाठी माझा निरोप लिहून घे. मंत्री हॉटेलात जेवून काय करार करतात तो त्यांचा. हा आपला. सरळ पंखा कुणीही विकावा, त्याला मिस्त्री लागला तो लागला. वाकडा पंखा पुन्हा छापायचा आणि तो फक्त आब्राच्या गाळ्यात. यापुढे आपल्या बाजारातली जी बाई ज्या नमुन्यावर बोट ठेवेल, तो तिचा. आणि काठ कोरा. सोबत माझ्या पहिल्या पंख्याचा तुकडा पाठवतेय, माझ्या लग्नातल्या पेटीत होता. वाकड्या पात्यावर मी बोट ठेवलंय. दिसणार नाही, पण ठेवलंय.

मलमाचा वास भयंकर आहे. गुण येतोय.

तुझी तासी

*

खच्याओ
१७ सप्टेंबर २००६

ती. तासी,

हे पत्र मी माझ्या टेबलावरून लिहितेय. खिडकीजवळचं आहे. एक पाय आखूड आहे, खाली कापडाची घडी घातलीय. शेन साहेब सुतार बोलावत होते, मी म्हटलं, राहू द्या.

तुमचा निरोप मी शब्दन् शब्द वाचून दाखवला. साहेब म्हणाले, "कागद कुठे आहे?" मी तुकडा पुढे केला. "सही?" "बोट ठेवलंय." ते चष्मा लावून शोधायला लागले. शेवटी बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाही म्हणून नाही असं होतं का? मी तुमच्यावर बोट ठेवलं तेव्हा कुणाला दिसलं होतं?" मग त्यांनी कारखान्याचा लाल शिक्का काढला, थोडा वेळ हातात धरला आणि तुमच्या पात्याच्या अगदी शेजारी उमटवला. तुकडा आता काचेत बसवून नमुन्यांच्या खोलीत लावलाय. 'मिस्त्री येऊन गेला' म्हणजे काय ते बाईसाहेबांना समजावलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली आणि स्वतःसाठी सहा वार फाडून घेतले. पडद्याला लावलेत. साहेब तेव्हापासून वेळेवर घरी जातात, असं कामगार म्हणतात.

लू मास्तरांना दोन्ही सांगितलं, तुम्ही म्हणालात त्याच क्रमाने. ते तुकड्यावर वाकले. म्हणाले, "लंगडत फिरायचा?" मी म्हटलं, हो. "आणि वारा द्यायचा?" हो. मग कामाला बसले. चार दिवसांनी नमुना आणून ठेवला. तासी, मोठ्या मनाने त्यांनी चारही पाती वाकडी केली होती!

मी हसले नाही. तुमची शपथ, हसले नाही. फक्त सांगितलं, एका घरात एकच वाकडं पुरतं. आता नीट झालाय, सोबतच्या पेटीत बघा.

पेटीत आणखी एक कापड आहे. ते माझं. इथे प्रत्येक माणूस चहाची बाटली घेऊन फिरतो, झाकणाची, आत पानं तरंगत असतात. मजुराकडेही असते, मालकाकडेही. दिवसभर तेच पाणी, तीच पानं, पुन्हा पुन्हा गरम. ती बाटली काढलीय, निळ्यावर पिवळी. काठ कोरा आहे. नाव मनात येत होतं, मी ते चहाबरोबर गिळलं.

तुमची,
कोकोए

*

लोमे
१९ नोव्हेंबर २००६

चि. कोकोएस,

अक्षर सुधारलंय. टेबलाचा गुण.

वाकडा पंखा मिळाला. मी पातं बोटाने चाचपून पाहिलं. कोन बरोबर आहे, मास्तरांचा हात चांगला आहे. आब्राच्या गाळ्यात आता दोन्ही पंखे शेजारी टांगलेत. बायका दोन्ही नेतात, भांडणाच्या दिवशी एक नेसतात, समेटाच्या दिवशी दुसरा. दोव्हीने दोन्ही घेतलेत. तिचा नवरा म्हणे सकाळी आधी दोरीवर काय वाळत घातलंय ते बघतो, मगच तोंड उघडतो. मादाम फोलिव्ही मला म्हणाली, "काय मादाम, चिनी माल विकायला लागलात?" मी म्हटलं, "मी निवृत्त आहे. आणि चिनी माल तू विकतेस. मी माझं बोट विकते."

टीव्हीवर पुन्हा चिनी पाहुणे होते. आपले मंत्री पुन्हा मैत्रीबद्दल बोलले. मागच्या रांगेत त्यांची बायको बसली होती आणि ती काय नेसली होती ते सांगायला नको. मी एकटीच इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

आता तुझी बाटली. आब्राने ती मधोमध टांगली. पहिले दोन-तीन दिवस बायका बघून पुढे गेल्या. मी तिथे होतेच, मलम लावून जिना चढता येतो. एकीने विचारलं, "हे काय, औषध?" दुसरी म्हणाली, "मासा आहे भांड्यात." मी ओठ घट्ट मिटून बसले. तूसुद्धा विश्वास ठेवणार नाहीस, पण मिटले. मग एकीने झाकणावर हात फिरवला आणि तिथेच उभी राहिली. तिचा नवरा समुद्रावर असतो, वर्षाकाठी एकदा येतो. ती काहीतरी म्हणाली, हळू. शेजारच्या बाईने ते ऐकलं आणि जरा मोठ्याने म्हटलं. मग तिसरीने. संध्याकाळपर्यंत ते बाजारभर झालं होतं, आणि हो, आब्राने मोजलं होतं, आठवाच दिवस होता.

चांगलं नाव आहे. माझ्या पंख्याला सुचलं होतं त्याच तोडीचं. हे मी सहज म्हणत नाही.

काय पडलं ते लिहीत नाही. जुनी नावं कागदावर चालतात, ती मुरलेली असतात. नवं नाव कोवळं असतं, त्याने अजून लोकांच्या तोंडातच राहावं. शेन साहेबांना म्हणावं, मला रजा हवी, माझ्या कापडाचं नाव ऐकायला जायचंय. नाही म्हणाले तर बाईसाहेबांना सांग.

गाळ्यात माझ्या स्टुलाशेजारी एक स्टूल ठेवलंय. त्याचाही एक पाय आखूड आहे. घडी तू आल्यावर घाल.

तुझी तासी,
अकूएले आजावों